‘वृत्तसंस्था’ म्हणजे नेमके कोण?

(वाचकांचे प्रश्न या सदरासाठी गेल्या काही महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत परदेशी बातम्यांविषयीची पत्रे इतकी होती की, या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी कापली आहेत.)

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून रोज सकाळी वाचनालयात बसून चार मराठी दैनिके ओळीने वाचतो. ठाण्यातल्या पाणीकपातीची बातमी चौघांची चार तऱ्हेची असते. परंतु युक्रेन किंवा गाझाची बातमी आली की चारही ठिकाणी वाक्येसुद्धा बहुतेक तीच असतात आणि वर ‘वॉशिंग्टन, वृत्तसंस्था’ एवढेच छापलेले असते. ही वृत्तसंस्था कोण? तिच्या मालकाचे राजकारण आपल्या घरात येत नसेल कशावरून?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर, आपण ज्या शब्दावर बोट ठेवले आहे, त्याच्या मागे मी उमेदीची बरीच वर्षे घालवली आहेत. दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक असताना टेलिप्रिंटरच्या कागदाची लांबच लांब पट्टी फाडून माझ्यासमोर टाकली जात असे आणि बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती गाठायची असल्यामुळे तिच्यावरच्या इंग्रजी मजकुराचे दहा-पंधरा मिनिटांत मराठी करून खाली जुळणीला पाठवावे लागे. पट्टीच्या डोक्यावर गाव, तारीख आणि संस्थेचे नाव, असे तिन्ही असायचे. छापताना गाव राहायचे, संस्थेचे नाव जायचे आणि त्या जागी ‘वृत्तसंस्था’ हा शब्द यायचा. कधी दोन संस्थांचा मजकूर एकत्र केलेला असे, हे खरे. पण बहुतेक वेळा केवळ रिवाज म्हणूनच आम्ही तसे करत होतो. लपवण्याचा हेतू नव्हता, तरी बातमी कोणी दिली हा पहिला तपशील मराठी वाचकापर्यंत पोहोचला नाही, एवढे मात्र झाले, आणि आपल्या पत्रावरून अजूनही होत आहे असे दिसते.

वाक्ये तीच असण्याचे कारण साधे आहे. ठाणे महापालिकेच्या सभेला चार दैनिकांचे चार वार्ताहर बसतात, म्हणून चार बातम्या होतात. कीव्हला किंवा कैरोला यांपैकी कोणाचाच माणूस नसतो, म्हणून चौघेही वर्तमानपत्रांना बातम्या पुरवणाऱ्या एकाच संस्थेचा मजकूर घेतात; वृत्तसंस्था म्हणजे हीच. शिवाय पाणी आले की नाही हे आपण नळ सोडून पाहू शकता. खारकिव्हमध्ये काय पडले, हे पाहण्याचे आपल्याकडे कोणतेच साधन नाही. जिथे वाचकाला पडताळा घेता येत नाही, नेमके तिथेच वर्तमानपत्रही सर्वांत जास्त परावलंबी असते, आणि माध्यमे व परराष्ट्रीय राजकारण यांच्या नात्याची सगळी गुंतागुंत या एका अडचणीतून सुरू होते असे माझे मत आहे.

ही अडचण जुनी आहे. पॅरिसची हावास ही संस्था १८३५ ची, बर्लिनची वोल्फ १८४९ ची आणि लंडनची रॉयटर १८५१ ची. या तिघांनी १८७० मध्ये करार करून जगाची चक्क वाटणी केली : ब्रिटिश साम्राज्य रॉयटरकडे, फ्रान्स आणि दक्षिण युरोपातला काही भाग हावासकडे, जर्मनी आणि उत्तर युरोप वोल्फकडे. रॉयटरची कचेरी मुंबईत १८६६ मध्येच आली होती आणि १८७० मध्ये सुएझकडून आलेली समुद्राखालची तार मुंबईला पोहोचली. म्हणजे आपल्याकडे जगाची बातमी जलद येऊ लागली, ती पहिल्या दिवसापासून लंडनच्या वाटेने. स्वातंत्र्यानंतर प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाने १९४९ मध्ये काम सुरू केले, तेव्हाही परदेशी बातम्यांसाठी रॉयटरशी भागीदारी करूनच तिला आरंभ करावा लागला.

यावर उपाय शोधण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता. अलिप्ततावादी देशांच्या मंत्र्यांची परिषद जुलै १९७६ मध्ये दिल्लीत भरली आणि या देशांच्या वृत्तसंस्थांनी आपापल्या बातम्या एकमेकांना द्याव्यात, अशी व्यवस्था तिथे उभी राहिली. पुढे युनेस्कोने नेमलेल्या शॉन मॅक्ब्राइड आयोगाने १९८० मध्ये अहवाल देऊन बातम्यांचा ओघ एकाच दिशेने वाहतो ही तक्रार मान्य केली. तक्रार शंभर टक्के खरी होती. पण दिल्लीत ती मांडली जात असताना देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता आणि चार भारतीय वृत्तसंस्थांना त्याच वर्षी फेब्रुवारीत एकत्र बांधून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केलेली होती. परदेशी मालकाच्या जागी देशी सरकार आणून बसवले की बातमी स्वतंत्र होते, असा समज त्या काळी पुष्कळांचा होता. मीही तरुणपणी त्यातलाच होतो. अलिप्ततावादी देशांच्या त्या देवघेवीतला मजकूर पुढे आमच्या टेबलावरही येत असे. त्यात कोणता मंत्री कोणाला भेटला आणि कोणत्या कारखान्याचे उद्‌घाटन झाले याखेरीज फारसे काही नसे, आणि आम्ही तो मुकाट्याने बाजूला ठेवून पुन्हा रॉयटरची पट्टी पुढे ओढत असू.

मालकाचे राजकारण येते का, तर येते. परंतु हुकमाच्या रूपाने क्वचितच. बातमीदार कोणत्या राजधानीत बसला आहे, कोणत्या खात्याचा प्रवक्ता त्याचा फोन उचलतो आणि कोणत्या आघाडीवर जाण्याची परवानगी त्याला कोणत्या सैन्याने दिली आहे, या वाटांनी ते येते. इराकवर २००३ मध्ये स्वारी झाली, तेव्हा शेकडो पत्रकार अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्याच्या तुकड्यांबरोबर राहून बातम्या देत होते. त्यांनी पाहिलेले खोटे नव्हते, मात्र रणगाड्यात बसलेल्याला जेवढे दिसते तेवढेच ते होते. इराककडे संहारक अस्त्रे असल्याच्या त्याआधीच्या बातम्यांविषयी तर न्यूयॉर्क टाइम्सने २६ मे २००४ रोजी स्वतःच्या वाचकांपुढे कबुली दिली की, आपले काही वृत्तांकन हवे तेवढे काटेकोर नव्हते. कबुली आली तोवर युद्ध होऊन वर्ष उलटले होते.

प्रश्न : एकाच घटनेतील माणसांना एक वर्तमानपत्र ‘दहशतवादी’, दुसरे ‘अतिरेकी’ आणि परदेशी संकेतस्थळाचे मराठी भाषांतर ‘बंदूकधारी’ म्हणते. शब्द निवडताना काही नियम असतो का, की ज्याला जो सुचला तो? मी स्वतः भाषांतराची कामे करते, म्हणून विचारते.
— एक वाचिका, कोपरखैरणे

उत्तर : ताई, आपण भाषांतर करता म्हणून आधी एक जुनी गोष्ट सांगतो. जुलै १८७० मध्ये एम्स या गावी प्रशियाच्या राजाला फ्रान्सचा राजदूत भेटला. त्या भेटीची तार प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याकडे आली, त्याने तिच्यातला मधला मजकूर काढून ती इतकी आखूड केली की साधा नकार अपमानासारखा वाटावा, आणि १३ जुलैला ती वर्तमानपत्रांकडे धाडली. हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. पण तारेत असे होते की राजाने आपल्या ‘अ‍ॅडज्युटंट’मार्फत राजदूताला निरोप पाठवला. जर्मनीत तो राजाच्या दिमतीचा मोठा अधिकारी. फ्रेंच सैन्यात त्याच शब्दाचा अर्थ हवालदाराच्या पायरीचा माणूस. हावासने फ्रेंच करताना तो शब्द तसाच ठेवला आणि आमच्या राजदूताला हवालदाराकडून निरोप दिला, अशी पॅरिसची समजूत झाली. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. युद्धाची कारणे अर्थातच एका शब्दाहून मोठी होती. तरीही घाईत सोडून दिलेला शब्द काय करू शकतो याची आठवण म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक नव्या उपसंपादकाला सांगत असे.

आता नियमाविषयी. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर रॉयटरने आपल्या बातमीदारांना ‘दहशतवादी’ हा शब्द दुसऱ्याच्या तोंडचा असेल तरच वापरावा, असे कळवले होते; बीबीसीचे धोरणही साधारण असेच आहे. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी पर्यटकांची हत्या झाली, त्यानंतर बीबीसीने हल्लेखोरांना ‘मिलिटंट’ म्हटले म्हणून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने लेखी नाराजी कळवली. माझे मत विचाराल तर धर्म विचारून निःशस्त्र पर्यटकांना मारणाऱ्यांसाठी ‘दहशतवादी’ हाच नेमका शब्द आहे, आणि तो वापरल्याने बातमीचा तटस्थपणा बिघडत नाही. अडचण येते ती हा शब्द सरकारांनीही सैल सोडल्यामुळे. आपल्या विरोधात शस्त्र किंवा नुसता फलक उचलणाऱ्या कोणालाही दहशतवादी ठरवणारी राजवट जगात एखादीच नाही, आणि दीडशे देशांत बातम्या पुरवणाऱ्या संस्थेला प्रत्येकाचे प्रमाणपत्र मान्य करता येत नाही. ‘अतिरेकी’ हा आपला शब्द १९८०च्या दशकात पंजाबच्या बातम्यांतून रुळला. त्यात विचाराचा टोकाचेपणा आहे, कृत्याचा उल्लेख नाही, म्हणून तो मला कधीच पुरेसा वाटला नाही.

गावांच्या आणि समुद्रांच्या नावांतही हेच चालते. आपण ‘पाकव्याप्त काश्मीर’ लिहितो, परदेशी संस्था ‘पाकिस्तान-प्रशासित’ लिहितात, पलीकडे ‘आझाद’ म्हणतात. आमच्या शाळेच्या भूगोलात ‘इराणचे आखात’ होते. अरब राष्ट्रांना ते नाव चालत नाही. २०२५ मध्ये तर याची कमाल झाली. अध्यक्ष ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या आखाताला ‘अमेरिकेचे आखात’ असे नाव दिले, असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने जुने नाव सोडले नाही, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या बातमीदाराला अध्यक्षांच्या दालनातील कार्यक्रमांना येऊ देणे बंद झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. भाषांतर करताना आपण मूळ शब्द बदललात, तर तो बदल कोणाच्या बाजूने झाला एवढे मात्र मनाशी नोंदवून ठेवा.

प्रश्न : ८ मे २०२५ च्या रात्री आमच्या इमारतीत कोणी झोपले नाही. टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगत होते, सायरनचे आवाज वाजत होते, आणि माझी आई तर हात जोडून बसली होती. सकाळी त्यातले काहीच उरले नाही. हे सरकारने करवले, की वाहिन्यांनी आपणहून केले?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : सरकारने करवले असे म्हणायला मला आधार दिसत नाही. उलट ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाच्या वतीने सांगण्यात आले की, कराचीसह निवडक लक्ष्यांवर आपल्या सोयीच्या वेळी हल्ला करण्याच्या तयारीत नौदल होते. तयारीत होते म्हणजे हल्ला केलेला नव्हता, हे त्या वाक्यातच आले. त्या दिवसांत अधिकृत माहितीसत्रात कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग जे सांगत होत्या, ते मोजके आणि तारीख-वेळेसह होते. प्रश्न रात्रीचा होता. पुढचे माहितीसत्र दुसऱ्या दिवसापर्यंत नाही, सीमेवर बातमीदाराला प्रवेश नाही, प्रेक्षक मात्र जागा आहे आणि शेजारची वाहिनी दर मिनिटाला काहीतरी ‘ब्रेकिंग’ देत आहे, अशा वेळी ‘आमच्याकडेही आहे’ हे सिद्ध करण्याची घाई कोणालाही कुठेही नेऊ शकते. रात्रपाळीला मीही बसलो आहे. मोकळी राहिलेली चौकट माणसाला किती छळते हे मला ठाऊक आहे, आणि तरीही त्या रात्रीचे समर्थन मला करता येत नाही.

सीमेपलीकडे चित्र वेगळे नव्हते. आदमपूरच्या हवाई तळावरील एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा नष्ट केल्याचा दावा तिकडे केला गेला होता. १३ मेला पंतप्रधान मोदी त्याच तळावर गेले आणि छायाचित्रांत मागे एस-४०० उभी होती. संगणकावरच्या युद्धखेळांतले तुकडे खऱ्या लढाईचे म्हणून फिरण्याचा प्रकारही युक्रेनपासून सर्वत्र इतका झाला आहे की, ‘आर्मा ३’ या खेळाच्या निर्मात्यांनी २०२२ मध्येच अशी दृश्ये कशी ओळखावीत याचा खुलासा केला होता.

मला यापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी वाटतात. १० मेला संध्याकाळी पाच वाजल्यापासून गोळीबार थांबला, ही बातमी आपल्याला पहिल्यांदा अमेरिकेच्या अध्यक्षांच्या समाजमाध्यमावरील संदेशातून कळली. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांचे निवेदन त्यानंतर आले. आणि या संघर्षात आपली काही विमाने पडली, याची कबुली सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी ३१ मेला दिली, तीही सिंगापूरमध्ये परदेशी माध्यमांना दिलेल्या मुलाखतींत. नौपाड्याच्या सरांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. देशातल्या वाचकाला देशाविषयीची बातमी ‘वृत्तसंस्था’ या वाटेने परत मिळाली, कारण घरी विचारणारे थकले होते किंवा विचारायचे विसरले होते.

माहिती सोडणे हेही शस्त्र असते, आणि भारताने ते उत्तम वापरल्याचे उदाहरण कारगिलचे आहे. पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये असताना आपल्याच सैन्यातील लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्याशी त्यांचे झालेले दूरध्वनी संभाषण भारताने ११ जून १९९९ रोजी जाहीर केले. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री दुसऱ्याच दिवशी दिल्लीत येणार होते. घुसखोर म्हणजे मुजाहिदीन, आमचा संबंध नाही, हा दावा त्यानंतर जगात कोणी फारसा मानला नाही. उलट, सोडू नये ते सुटले तर काय होते हे मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ ला भोगले आहे. हल्लेखोरांचे सूत्रधार पलीकडे टीव्ही पाहत सूचना देत होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. कारवाई चालू असताना थेट दृश्ये दाखवू नयेत, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच द्यावी, हा केबल नियमांतला बदल २०१५ चा आहे. आपल्या आईंना सांगा, त्या रात्री आमच्या घरीही टीव्ही बंद करण्यावरून वाद झाला होता.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘सीएनएन इफेक्ट’ आहे. दूरदर्शनवरील चित्रांमुळे देशाचे परराष्ट्र धोरण बदलते, हे खरे मानायचे का?
— एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : परीक्षेत लिहायचे असेल तर सोमालियाचे उदाहरण दोन्ही बाजूंनी द्या. उपासमारीची चित्रे पाहून अमेरिकेने डिसेंबर १९९२ मध्ये सैन्य पाठवले आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूत १८ सैनिक मारले गेल्यावर एका सैनिकाचा मृतदेह फरफटत नेल्याचे चित्र पाहून ते मागे घेतले, अशी ती लोकप्रिय मांडणी. अभ्यासकांनी नंतर तारखा लावून पाहिल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी आधी वॉशिंग्टनमधील हालचाल आणि मग कॅमेरे, असा क्रम निघाला. रवांडात १९९४ मध्ये लाखो माणसे मारली गेली, तेव्हा कोणाचेही धोरण फारसे बदलले नाही. सरकारचे मन ठरलेले नसेल तेव्हा चित्रे ढकलतात. ठरलेले असेल तेव्हा ती कामाला लावली जातात.

भारतीय उदाहरण हवे असेल तर आग्रा शिखर परिषदेचे घ्या. १५ जुलै २००१ च्या संध्याकाळी सुषमा स्वराज यांनी चर्चेतले विषय पत्रकारांना सांगितले, त्यांत काश्मीरचा उल्लेख नव्हता म्हणून पाकिस्तान बिथरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुशर्रफ यांनी भारतीय संपादकांबरोबर न्याहारी केली आणि तिथले त्यांचे आक्रमक बोलणे बंद दाराआडची चर्चा चालू असतानाच टीव्हीवर दिसू लागले. ते एकदा देशभर ऐकले गेल्यावर वाजपेयींना आणि त्यांना स्वतःलाही मागे यायला जागा उरली नाही. मध्यरात्री ते संयुक्त निवेदनाशिवाय परतले. परिषद न्याहारीमुळेच फसली असे मी म्हणणार नाही. ती अवघड होतीच.

प्रश्न : आमचा वाशीच्या मसाला मार्केटमध्ये सुक्या मेव्याचा गाळा आहे. इराणची बातमी आली की पिस्त्याचा आणि खजुराचा भाव तासाभरात हलतो आणि दोन दिवसांनी बातमी फुसकी निघते. जून २०२५ मध्ये ‘होर्मुझ बंद’ म्हणून आम्ही माल चढ्या भावाने उचलला. बातमी खरी की फुगवलेली, हे आम्ही ओळखायचे कसे?
— एक व्यापारी, वाशी

उत्तर : शेठ, ती बातमी मी जपून ठेवली आहे, कारण ती खोटी नव्हती. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले, २२ तारखेला अमेरिकेने फोर्डोसह तीन अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि त्याच दिवशी इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिल्याचे इराणच्या सरकारी प्रेस टीव्हीने सांगितले. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे पाचवा हिस्सा तेव्हा त्या चिंचोळ्या वाटेने जात होता, त्यामुळे मथळा मोठा येणारच होता. परंतु सांगणारा होता संसदीय समितीचा एक सदस्य, आणि अंतिम निर्णय संसदेचा नसून सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा आहे, हे त्याच बातमीत खाली लिहिलेले होते. मराठीत येईपर्यंत कौल उरला, परिषद गळली आणि मथळा ‘होर्मुझ बंद’ असा झाला. दुसऱ्या दिवशी इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली, पण तेलाच्या वाटेला हात लावला नाही, आणि खनिज तेलाचा भाव त्याच दिवशी सात टक्क्यांहून अधिक उतरला. २४ तारखेला युद्धविराम झाला.

तो मथळा तेहरानला हवाच होता. सामुद्रधुनी खरोखर बंद केली तर इराणचे स्वतःचे तेलही अडकते. बंद करू असे नुसते म्हटले तर काही खर्च न करता दिल्लीपासून टोकियोपर्यंतची सरकारे वॉशिंग्टनला फोन लावतात. त्या एका वाक्याचे गिऱ्हाईक ती सरकारे होती, आणि पैसे मात्र तुमच्या गाळ्यावरून गेले. पुढच्या वेळी बातमीत क्रियापद पाहा : ‘बंद केली’ आहे, ‘बंद करण्यास मंजुरी’ आहे की ‘बंद करण्याचा इशारा’. मग बोलणाऱ्याचे पद पाहा. त्यानंतर टीव्ही सोडून न्हावा शेव्याच्या आपल्या क्लिअरिंग एजंटला फोन करा आणि जहाज कंपन्यांनी युद्धजोखमीचा अधिभार लावला का, एवढेच विचारा. विम्याचे पैसे स्वतःच्या खिशातून भरणारी माणसे मथळे फार सावकाश वाचतात.